रोज शंभर की रोज सत्तर? बिगाऱ्याच्या मजुरीचा खरा हिशेब

बांधकामावरच्या माणसाला जो तो एकच प्रश्न विचारतो: "रोज किती मिळतो?" तोही एक आकडा सांगून मोकळा होतो. ऐकणारा मनातल्या मनात त्याला तीसने गुणतो, दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून बघतो आणि ठरवतो की इथला मजूर सुखी, तिथला दुःखी. या छोट्याशा गणितात तीन चुका आहेत. तीसने गुणणं ही पहिली. दोन गावांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवणं ही दुसरी. आणि सांगितलेला आकडा पूर्ण हातात पडतो असं धरणं ही तिसरी.

समजा, एका मोठ्या शहरात बिगाऱ्याला दिवसाला १०० नाणी मिळतात आणि एका लहान गावात ७०. (मुद्दाम 'नाणी' म्हणतोय. एखाद्या देशाचं चलन घेतलं की वाचणाऱ्याचं लक्ष हिशेबावरून उडून 'तिकडे एवढं मिळतं?' यावर जातं.) वरवर पाहता शहरात ४३ टक्के जास्त पैसे आहेत. आता हे ४३ टक्के जातात कुठे ते बघू.

आधी मुकादमाची हजेरी वही उघडू. एका नावापुढचा आठवडा असा आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार पूर्ण. गुरुवारी दुपारी मिक्सर बंद पडला, म्हणून अर्धी हजेरी. शुक्रवारी वाळूची गाडी आलीच नाही. दहा वाजेपर्यंत बसवून ठेवलं आणि घरी पाठवलं, म्हणजे खाडा. शनिवारी पूर्ण. एकूण साडेचार हजेऱ्या, ४५० नाणी. शेवटच्या रकान्यात उचल लिहिलेली असते, ती १५०. शनिवारी संध्याकाळी हातात आले ३००. उचल म्हणजे काही बुडालेले पैसे नव्हेत, ते आधीच घेऊन खर्च झालेले असतात. पण शुक्रवारचं नीट बघा. माणूस सकाळी उठून, बसभाडं खर्चून कामावर हजर झाला होता. वाळू आली नाही यात त्याचा काही दोष नव्हता. तरी त्या दिवसाची मजुरी शून्य आणि येण्याजाण्याचा खर्च मात्र पूर्ण.

ऑफिसात काम करणाऱ्याला मजुरीचं गणित चटकन कळत नाही, ते यामुळे. महिन्याच्या पगारात रविवार, सुट्ट्या, आजारपण, काम नसलेले दिवस सगळं आधीच मुरलेलं असतं. रोजंदारीत यातलं काहीच नसतं. पाऊस, थंडी, सिमेंटचा तुटवडा, थांबलेली परवानगी, मालकाकडून न आलेला हप्ता, दोन साइटच्या मधले रिकामे दिवस, या सगळ्यांची झळ मजुराला लागते. म्हणून रोजाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो महिन्यात किती हजेऱ्या भरतात हा.

आता दोन्ही ठिकाणचा महिना मांडू. घरात चौघं: नवरा-बायको, दोन मुलं. कमावणारा एक.

लहान गावात काम सलग आहे असं धरू. २५ हजेऱ्या, म्हणजे १,७५० नाणी. घरभाडं २५०, खाणंपिणं ७५०, येणंजाणं ५०, आणि सरपण किंवा गॅस, औषधं, शाळा, फोन, कपडे मिळून ४००. खर्च १,४५०. शिल्लक ३००.

शहरात २२ हजेऱ्या धरू, म्हणजे २,२०० नाणी. भाडं ७००, खाणं ८५०, येणंजाणं २००, बाकीचं ४५०. बेरीज करा: बरोबर २,२००. शिल्लक काहीच नाही.

मग लोक शहरात जातात तरी का? मजुराला हिशेब येत नाही म्हणून खचितच नाही. बहुतेक वेळा तो कुटुंब घेऊन जात नाही. एकटा जातो, पाच जणांत एक खोली घेतो. ७०० चं भाडं पाचात वाटलं की १४०. स्वतःचं खाणं ३५०, प्रवास २००, वरखर्च १५०. मिळून ८४० आणि हातात उरले १,३६०, ते घरी पाठवायचे. घरी तिघांचा खर्च भाड्यासकट १,१०० धरला तर शिल्लक २६०. म्हणजे एकटं जाऊनही गावातल्या ३०० पेक्षा कमीच, आणि यात गावी येण्याजाण्याचं भाडं अजून धरलेलंच नाही!

पण गावात २५ हजेऱ्या भरतात हे मी सोयीसाठी धरलं होतं. त्या १८ करा. मिळकत १,२६० वर येते आणि खर्च जवळजवळ तोच राहतो, म्हणजे दर महिन्याला १९० नाण्यांची उधारी. आता शहरातले २६० एकदम मोठे दिसायला लागतात. माणूस वरच्या रोजासाठी घर सोडतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो बऱ्याचदा हजेऱ्यांसाठी घर सोडतो.

या उदाहरणातली आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका. एकटा गेलेला मजूर महाग जागी कमावतो आणि त्यातला मोठा भाग स्वस्त जागी खर्च करतो. त्याच्या मजुरीला दोन गावांचे भाव लागू होतात. म्हणून शेजारीशेजारी उभं राहून एकच घमेलं एकमेकांच्या हातात देणाऱ्या दोघांची मजुरी आकड्यात सारखी असली, तरी ज्याचं बिऱ्हाड त्याच शहरात आहे तो गरीब असतो आणि ज्याचं लांब गावी आहे तो त्यातल्या त्यात बरा असतो. शहरातल्या स्थानिक मजुरांची 'बाहेरचे येऊन रोज पाडतात' ही तक्रार इथूनच येते. बाहेरच्याला ज्या दरात परवडतं, त्या दरात स्थानिकाचं घर चालत नाही.

वरच्या दोन हिशेबांत सगळ्यात मोठी उडी भाड्याने मारली, २५० वरून ७००. खाणं ७५० वरून ८५० झालं, इतकंच. मी आकडे मनाने घेतलेत, पण हा कल जगभर दिसतो. धान्य, तेल, कपडे, साबण या वस्तू गाडीत घालून इकडून तिकडे नेता येतात, त्यामुळे त्यांच्या भावातला फरक फार ताणला जात नाही. जमीन नेता येत नाही. जिथे काम जास्त तिथे माणसं जास्त, आणि तिथल्या खोल्यांचे भाव ती माणसंच एकमेकांशी चढाओढ करून वाढवतात. मजुरी वाढते, पण त्या वाढीतला मोठा वाटा खोलीमालकाकडे जातो.

अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिलं की घर जितकं गरीब तितका उत्पन्नातला खाण्यावरचा वाटा मोठा. नंतर १८६८ मध्ये हर्मन श्वाबेने बर्लिनमधली भाडी तपासून भाड्याबद्दलही तेच सांगितलं. एंगेलचं नाव अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं, श्वाबेचं फारसं कुणाला नसतं. मजुरी आणि महागाई यांचा मेळ घालताना मात्र मला श्वाबे जास्त उपयोगी वाटतो. खाण्यात काटकसर करता येते, माणूस एक वेळ भाजी सोडतो. अर्धी खोली सोडता येत नाही.

महागाईच्या आकड्यांबद्दलचा एक नेहमीचा घोटाळाही इथेच निस्तरून टाकू. सरकारं ग्राहक किंमत निर्देशांक जाहीर करतात. समजा एका शहराचा निर्देशांक १८० आणि दुसऱ्याचा १५० आहे. लोक लगेच म्हणतात, पहिलं शहर महाग. तसं नाही. निर्देशांक त्या शहरातल्या भावांची तुलना त्याच शहरातल्या जुन्या भावांशी करतो. एक पोर पाच वर्षांत वीतभर वाढलं आणि दुसरं अर्धी वीत, यावरून दोघांत उंच कोण हे कळत नाही. तसंच आहे हे.

दोन जागांची तुलना करायची तर एकच टोपली घेऊन दोन्हीकडच्या बाजारात जावं लागतं. देशादेशांमध्ये हे काम पद्धतशीरपणे सुरू झालं ते १९६८ मध्ये, संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठ यांच्या प्रकल्पातून. आता ते जागतिक बँकेकडे आहे. 'क्रयशक्ती समानता' म्हणून जे जडजंबाल नाव ऐकू येतं ते त्यातूनच निघतं. अर्थ सोपा आहे: इथे अमुक नाण्यांत जेवढं सामान येतं, तेवढंच तिथे घ्यायला किती नाणी लागतील? पण ती टोपली सगळ्या देशाची सरासरी असते. तिच्यात मोटारीही असतात, हॉटेलातलं राहणंही असतं. बिगाऱ्याच्या टोपलीत धान्य, खोली, बसभाडं आणि औषध एवढंच प्रामुख्याने असतं. सरासरी टोपली स्वस्त असलेल्या शहरात त्याची टोपली महाग असू शकते.

गंमत अशी, की मजुरी आणि महागाईचा हिशेब इतिहासात सर्वांत बारकाईने कुणाचा झाला असेल, तर तो बांधकाम मजुरांचाच. याचं कारण कागदपत्रं. शेतमजुराला धान्य मिळायचं, विणकराला नगावर पैसे, नोकराला राहणं-जेवण. गवंडी आणि बिगारी यांना मात्र शतकानुशतकं रोजाने रोख पैसे मिळत आले, आणि ज्यांच्यासाठी ते काम करत त्या देवळांनी, चर्चांनी, कॉलेजांनी हिशेबवह्या जपून ठेवल्या. अथेन्समधल्या इरेक्थिअन मंदिराचे इसवी सनापूर्वी ४०९ च्या सुमाराचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. त्यात रोज एक द्राख्मा (तिथलं तेव्हाचं चांदीचं नाणं) दिसतो. गंमत म्हणजे तिथल्या वास्तुविशारदालाही तेवढाच दर आहे! कोरीव आकृत्यांना मात्र नगावर, एकेका आकृतीला ६० द्राख्मा. रोजाचं काम आणि अंगावर घेतलेलं काम हा फरक तेव्हाही होता.

इंग्लंडमध्ये हेन्री फेल्प्स ब्राउन आणि शीला हॉपकिन्स या दोघा अभ्यासकांनी १९५५ आणि १९५६ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या बांधकाम मजुरीचा सात शतकांचा आलेख मांडला, आणि त्याला खाण्यापिण्याच्या, इंधनाच्या, कापडाच्या भावांनी भागलं. त्यातून जे दिसलं ते थक्क करणारं आहे. १३४८-४९ च्या प्लेगने माणसं मेली, कामगार कमी पडले आणि मजुरी चढली. राजाने १३५१ च्या कायद्याने ती बांधून ठेवायचा प्रयत्न केला: घडीव दगडाच्या मुख्य गवंड्याला दिवसाला ४ पेन्स, इतर गवंड्यांना ३, त्यांच्या मदतनिसाला दीड. बाजाराने ऐकलं नाही. पंधराव्या शतकात कारागिराला ६ पेन्स आणि बिगाऱ्याला ४ पेन्स मिळू लागले. म्हणजे बिगाऱ्याला कारागिराच्या दोनतृतीयांश, आणि हे प्रमाण पुढे पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतांशी टिकून राहिलं.

मग सोळावं शतक आलं. भाव वाढत गेले, मजुरी मागे रेंगाळत राहिली. १४५१ ते १४७५ या काळात कारागिराच्या मजुरीत जेवढं सामान येत होतं ते १०० धरलं, तर १५९७ मध्ये ते २९ वर आलेलं दिसतं. नाण्यांत मोजली तर मजुरी तोवर वाढलेली होती. नातवाच्या हातात आजोबांपेक्षा जास्त पेन्स पडत होते आणि घरी भाकरी मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आली होती. ती जुनी पातळी पुन्हा गाठायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

पुढे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक रॉबर्ट ॲलन यांनी हीच पद्धत युरोपातल्या अनेक शहरांना लावली. एका माणसाला जगायला लागणाऱ्या वस्तूंची एक टोपली, वर्षाला २५० दिवस काम, आणि कुटुंबाचा खर्च म्हणून तीन टोपल्या. वर्षाच्या मजुरीला त्या खर्चाने भागायचं. उत्तर १ आलं तर जेमतेम भागलं. १ च्या खाली म्हणजे बायको-मुलांनीही कामाला जायचं, नाहीतर उपाशी राहायचं. घरभाड्यासाठी ॲलन यांनी फक्त ५ टक्के वाढ धरली. जुन्या काळासाठी ते चालून गेलं असेल, पण आजच्या शहराला हा आकडा लावून बघा, हसू येईल.

या सगळ्या आकड्यांना इतिहासकार ज्युडी स्टीफन्सन यांनी २०१८ मध्ये चांगलाच धक्का दिला. १६५० ते १८०० या काळातल्या लंडनच्या बांधकामांचे हिशेब त्यांनी बारकाईने वाचले. इतिहासकार ज्याला 'मजुरी' समजत होते तो ठेकेदाराने मालकाला लावलेला दर निघाला! मजुराच्या हातात पडणारी रक्कम त्यापेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी होती. मधला फरक ठेकेदाराचा खर्च आणि नफा. बांधकामाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मालक देतो तो दर एक, मजुराला सांगितलेला दुसरा, हातात येतो तो तिसरा. नामवंत विद्वानांना हे कळायला साठ वर्षं लागली, मुकादमाला विचारलं असतं तर एका चहात कळलं असतं.

हिशेब उलट्या बाजूनेही करता येतो. मजुरी किती आहे हे बघून त्यात काय येतं ते मोजण्याऐवजी, जगायला काय लागतं ते आधी ठरवायचं आणि मग मजुरी तिथवर पोचते का ते पाहायचं. गरिबीचे अभ्यासक सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात हे केलं. आई-वडील आणि तीन मुलांच्या कुटुंबाला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स (तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग): अन्न १२ शिलिंग ९ पेन्स, भाडं ४ शिलिंग, बाकी सगळं ४ शिलिंग ११ पेन्स. हा खर्च किती कसून काढला होता ते ऐका. यात रेल्वेचं किंवा बसचं भाडं नाही, वर्तमानपत्र नाही, तंबाखू नाही. परगावी असलेल्या मुलाला पत्र टाकायला तिकिटाचे पैसेही नाहीत. एवढं करूनही यॉर्कमध्ये अकुशल कामगाराची मजुरी होती आठवड्याला १८ ते २१ शिलिंग. म्हणजे पूर्ण आठवडा काम करूनही माणूस त्या रेषेच्या खालीच. आजची 'निर्वाह वेतना'ची चर्चा याच वाटेने चालते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ मध्ये निर्वाह वेतनाची व्याख्या मान्य केली. किमान वेतन म्हणजे कायद्याने ठरवलेला तळ. निर्वाह वेतन म्हणजे त्या जागी, त्या भावांत बरं जगायला लागणारी रक्कम. दोन्ही एकच असतील असं नाही, आणि बहुधा नसतातच.

आता एक प्रश्न उरतो. श्रीमंत देशातला बिगारी गरीब देशातल्या बिगाऱ्यापेक्षा कितीतरी पट कमावतो. तो कितीतरी पट घमेली उचलतो का? नाही. याचं उत्तर बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये, वेगवेगळं काम करून, जवळजवळ एकसारखं दिलं. त्या देशातल्या कारखान्यात यंत्रांच्या जोरावर एक माणूस खूप माल काढतो, म्हणून तिथे पगार जास्त. मुकादमाने तेवढे पैसे दिले नाहीत तर बिगारी घमेलं टाकून कारखान्यात जाईल. भिंत परदेशातून आणता येत नाही, ती जागेवरच बांधावी लागते. मग मुकादमाला तो दर द्यावाच लागतो. पण त्याच न्यायाने न्हावी, बसचालक, पंक्चर काढणारा यांचेही दर चढतात, आणि त्या दरांत आपल्या बिगाऱ्यालाच केस कापून घ्यावे लागतात. मजुरी आणि महागाई एकाच दोरीने बांधलेल्या असतात. एक वर गेली की दुसरी थोडी तरी ओढली जातेच.

स्थानिक मजुरीला कायद्यातही जागा मिळाली आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या एका सरकारी इस्पितळाच्या बांधकामावर लांबच्या अलाबामातून कमी मजुरीचे कामगार आणले गेले. त्यावरून ओरड झाली आणि १९३१ मध्ये डेव्हिस-बेकन कायदा झाला: संघराज्य सरकारच्या बांधकामावर त्या भागात चालू असलेल्या दरापेक्षा कमी मजुरी द्यायची नाही. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सरकारी ठेक्यांसाठी याच धर्तीचा करार आणला. खाजगी साइटवर मात्र असा आधार बहुतेक ठिकाणी नसतो.

शेवटी पैशांत न दिलेली मजुरी. रोमन सम्राट डायोक्लेशिअनने इसवी सन ३०१ मध्ये भावांवर आणि मजुरीवर कमाल मर्यादा घातली. त्यात शेतमजुराला रोज २५ दिनार आणि पाथरवटाला ५० आहेत, आणि दोघांपुढे 'जेवणासह' असं लिहिलेलं आहे. ते जेवण वगळून नुसते दिनार मोजले तर हिशेब चुकतो. आज जेवणाच्या जागी खोली आहे. साइटवरच पत्र्याची खोली मिळाली तर भाडं नाही, येण्याजाण्याचा खर्च नाही. आपल्या उदाहरणात एकट्या मजुराची थेट ३४० नाणी वाचली (खोलीची १४०, प्रवासाची २००), म्हणजे जवळजवळ साडेतीन हजेऱ्या. म्हणून कमी रोजाची पण खोलीवाली साइट जाणता मजूर पटकन धरतो. त्या खोलीत पाणी किती वेळ येतं, पावसात पत्रा गळतो का, हे तो आधीच तिथल्या माणसाला विचारून घेतो. आणि एक गोष्ट न विचारताही त्याला ठाऊक असते: काम थांबलं की हजेरी आणि खोली दोन्ही एकाच दिवशी जातात.